चाळीस कात्र्या, एक स्लाइड

"येत्या पाच वर्षांत आपण जगाच्या अर्थव्यवस्थेला धार लावणार आहोत," असं धाकटीने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर केलं, तेव्हा तिची आई टोमॅटो कापण्याच्या प्रयत्नात होती. टोमॅटो काही कापला जात नव्हता. तो सुरीखाली नुसता दबत होता, आणि दबता दबता त्याने आईच्या चष्म्यावर एक पिचकारी मारली.

"त्याआधी हिला लाव," चष्मा पुसत आई म्हणाली.

ज्या घरात आजोबांपासून धार लावण्याचा धंदा चालत आला होता, त्या घरात बोथट सुरीवरून वाद होण्याची ही त्या महिन्यातली चौथी वेळ होती. बाबांचं उत्तर ठरलेलं असे: गिऱ्हाइकाचं आधी. आईला गिऱ्हाईक व्हायचा मार्ग अजून सापडला नव्हता.

धाकटी म्हणजे घरातली दुसरी मुलगी. थोरली लग्न करून दुसऱ्या गावी गेली, तिथे तिला नावाने हाक मारणारी माणसं मिळाली. धाकटी सत्ताविसाव्या वर्षीही धाकटीच राहिली. बाबांचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरायला लागला होता. चाकावर पातं टेकवलं की ते किंचित नाचायचं. म्हणून चाक धाकटीकडे आलं. गिऱ्हाइकं, उसन्या गप्पा आणि बाकावर बसून "अजून जरा, हं, बास" म्हणणं एवढं बाबांकडे राहिलं. दुकान एका खोलीचं. मोटरवरचं चाक, खाली पाण्याचा डबा, भिंतीला टांगलेला चामड्याचा पट्टा, आणि तीन पिढ्यांच्या कपड्यांवर बसलेली ती राखाडी भुकटी.

बिझनेस प्लॅन स्पर्धेची जाहिरात तिने झेरॉक्सच्या दुकानात पाहिली. अर्जात पहिलाच प्रश्न होता: "तुम्ही जगाचा कोणता प्रश्न सोडवता?" धाकटीने प्रामाणिकपणे लिहिलं, "कात्री बोथट होते." एवढ्या भांडवलावर तिची पहिल्या फेरीत निवड झाली, आणि दुसऱ्या फेरीसाठी तिला एक मार्गदर्शक मिळाले. ते तिच्याहून तीन वर्षांनी लहान होते, पण सगळे त्यांना सर म्हणत. त्यांनी स्वतः अशा पाच स्पर्धा जिंकल्या होत्या. धंदा तेवढा काढायचा राहिला होता.

सरांनी तिचं वाक्य वाचलं आणि त्यांना त्याची दया आली. पुढच्या आठवड्यात ते वाक्य असं झालं: "बोथट हत्यारांमुळे जगात दरवर्षी कोट्यवधी तास वाया जातात."

"कुणी मोजले?" बाबांनी विचारलं.

"आम्ही."

"कधी?"

"काल. अंदाजे."

बाबांनी मान डोलावली. अंदाजाबद्दल त्यांना आदर होता. त्यांचा सगळा जन्म अंदाजावर गेला होता.

पण खरी गोष्ट अशी, की दुकान जगावर चालत नव्हतं. ते चालत होतं दोन गल्ल्या पलीकडच्या शर्टाच्या कारखान्यावर. तिथल्या कटिंग विभागात चाळीस माणसं आणि चाळीस कात्र्या. दर गुरुवारी बाबा वीस कात्र्या आणत, शनिवारी परत देत. पुढच्या गुरुवारी उरलेल्या वीस. सगळ्या एकदम कधीच नाही, कारण निम्म्या हातांनी तरी काम चालू राहिलं पाहिजे. न्हाव्यांचे वस्तरे, खाटिकांचे सुरे हे वरचं. घर चालायचं ते त्या चाळिसांवर.

आणि त्या चाळिसांपैकी प्रत्येकीच्या मुठीला एक चिंधी बांधलेली असे. कुणाची लाल, कुणाची चौकटीची, कुणाची नुसती इलॅस्टिकची. एका म्हाताऱ्या कटिंगवाल्या बाईंनी लेकीच्या शाळेच्या गणवेशाची पट्टी बांधली होती. लेक आता कुठल्या कुठे नोकरीला होती, आणि पट्टीचा निळा रंग नुसता आठवणीपुरता उरला होता. चिंधी म्हणजे कात्रीचा पत्ता. बाबा चिंधी बघून धार लावत. हिचा जोर टोकावर, ह्याचा मुठीपाशी, ह्या काकांना दोन पात्यांमधला पेच सैल लागतो, त्या बाईंना इतका घट्ट की दुसऱ्याचा अंगठा दुखावा. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. बाबांना विचारलं तर त्यांनाही सांगता आलं नसतं. ते म्हणाले असते, चिंधी दाखव.

अंतिम फेरी गुरुवारी होती. आदल्या शुक्रवारी सरांनी तिच्या स्लाइड पाहिल्या आणि सहाव्या स्लाइडवर थांबले. तिथे तिने मोबाइलवर काढलेला फोटो होता. टेबलावर सात-आठ कात्र्या, चिंध्यांसकट.

"हे काय बांधलंय?"

"चिंध्या आहेत सर. ओळखीसाठी."

"परीक्षकांना हे दुरुस्तीचं दुकान वाटेल."

"दुरुस्तीचंच दुकान आहे."

"तोच तर प्रॉब्लेम आहे," सर हळुवारपणे म्हणाले. डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात तसे. "एकसारखेपणा दिसला पाहिजे. एक प्रक्रिया, एक कोन, एक दर्जा. तुमच्या वडलांच्या हातात जे आहे ते त्यांच्याबरोबर जाईल. ते मशीनमध्ये आलं तर ती कंपनी. मला एका रांगेत चाळीस कात्र्या दाखवा, सगळ्या सारख्या, मुठीवर तुमचं चिन्ह. मग बघा."

धाकटीला त्यातलं एक वाक्य लागलं. वडलांच्या हातात जे आहे ते त्यांच्याबरोबर जाईल. तो हात ती रोज चहाच्या कपाशी झगडताना बघत होती. बाकीची वाक्यं त्या वाक्याच्या पाठीवर बसून आत आली.

योग असा, की रविवार-सोमवार कारखाना यंत्रांच्या देखभालीसाठी बंद होता, आणि बाबा-आई थोरलीकडे गेले होते. धाकटी शनिवारी कारखान्यात गेली आणि कटिंगच्या मुख्य बाईंकडून चाळीसच्या चाळीस कात्र्या मागून आणल्या. ह्या बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या उंचीने धाकटीच्या खांद्याला लागत.

"सगळ्या?" मोठ्या बाईंनी भुवया वर केल्या. "मिस्त्री तर कधी सगळ्या नेत नाहीत."

"बंद आहे ना दोन दिवस. मंगळवारी सकाळी टेबलावर असतील. चमकत."

त्या चमकल्याही. दोन दिवस धाकटी चाकापुढून उठली नाही. एकच कोन, एकच धार, एकच पेच. रविवारी रात्री फोटोसाठी तिने चाळीस चिंध्या एकेक करून सोडवल्या. काही इतक्या मळलेल्या होत्या की चिमटीत धरवेनात. त्या तिने डब्यात टाकल्या, आणि सोमवारी सकाळी कचऱ्याची गाडी आली तेव्हा डबा स्वतः नेऊन ओतला. मुठींवर गोल स्टिकर लावले. फोटो असा आला की तिने तो तीनदा उघडून पाहिला. चाळीस कात्र्या, एका रांगेत, एका आईच्या पोटच्या.

मंगळवारी अकरा वाजता फोन आला.

"पोरी," मोठ्या बाई म्हणाल्या, "सगळ्या कात्र्या एकसारख्या केल्यास, छान केलंस. आता माणसंही एकसारखी करून दे."

धाकटी धावत गेली. कटिंगच्या लांब टेबलांवर कापडाचे थर पसरलेले होते, थरांवर कागदाचे नमुने, आणि कागद हलू नयेत म्हणून त्यावर वजनं: लोखंडी ठोकळे, एक मोडकी इस्त्री, कापडात गुंडाळलेली वीट. भोवती चाळीस माणसं हातात कात्र्या घेऊन उभी होती आणि कुणीही कापत नव्हतं. जो तो कात्री उघडमीट करत होता, नाक मुरडत होता, शेजाऱ्याला देत होता. डावखुऱ्या काकांची तेवढी लगेच सापडली होती, कारण ती उलट्या बांधणीची. ते एकटेच कापत होते, आणि त्यामुळे सगळ्यांच्या रागाला आणखी कारण मिळालं होतं.

एकाने कापून पाहिलं होतं. कॉलरचा थर तिरपा गेला होता. तो थर मोठ्या बाईंनी पुराव्यासारखा वेगळा ठेवला होता.

"चिंध्या कुठे आहेत?" गणवेशाच्या पट्टीवाल्या बाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून ते वाईट होतं.

"त्या... मळल्या होत्या, मावशी."

"हो, मळल्या होत्या," मावशी म्हणाल्या, आणि आपल्या हातातल्या कुणाच्यातरी कात्रीवरचा गोल स्टिकर नखाने खरवडू लागल्या.

मोठ्या बाईंनी धाकटीला खिडकीशी नेलं. "हे बघ, मालक सहा महिने माझ्यामागे लागलेत. वापरा आणि फेका अशा कात्र्या मिळतात, खोक्यानं. बोथट झाली की टाकली. मी म्हणत आले, नको, आमचे मिस्त्री आहेत. आज मी काय म्हणू? गुरुवारी संध्याकाळपर्यंत ज्याची त्याच्या हातात द्या. नाहीतर शुक्रवारी खोकी येतील."

"गुरुवारी माझी अंतिम फेरी आहे," असं धाकटीच्या तोंडून निघून गेलं.

"कसली?"

"धंदा कसा वाढवायचा, त्याची."

 मोठ्या बाई कामाला निघून गेल्या.

बाबा संध्याकाळी गावाहून आले. धाकटीने सगळं सांगितलं. चहा आला. मग त्यांनी विचारलं, "पेच पण सगळे सारखे?"

"हो."

"कोन?"

"तोही."

"दोन दिवसांत चाळीस," बाबा म्हणाले. "हात चांगला बसलाय तुझा." आणि हे त्यांनी इतक्या खऱ्या कौतुकाने म्हटलं, की धाकटीला रडू आलं आणि तिला उठून मोरीत जावं लागलं.

बुधवारी दोघं कारखान्यात बसली. धारेवरची खूण गेली होती. पण मुठीवरचा काळा रंग अंगठ्याने जिथे झिजला होता, ती जागा राहिली होती. बाबा डोळे मिटून मुठीत बोटं घालत आणि म्हणत, "ही त्या जाड्या काकांची. ही नाकात बोलतात त्यांची." धाकटी पेच फिरवून द्यायची, काका एक तुकडा कापून बघायचे, मान हलवायचे, आणि खिशातून नवी चिंधी काढून बांधायचे. कारखाना सुटेपर्यंत एकतीस झाल्या. नऊ उरल्या. बाबांचा हात आता इतका थरथरत होता की तो त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता.

"मी उद्या जात नाही," धाकटी म्हणाली.

"जा. चार महिने केलंयस. नऊच तर आहेत, मी बघतो."

"पेच कोण फिरवेल?"

"मोठ्या बाई फिरवतील. मला शिव्या देत फिरवतील, पण फिरवतील."

तिने जायला नको होतं, हे तिला तेव्हाही कळत होतं. पण चार महिने एखादी गोष्ट घासत बसलं की ती किती उरली आहे हे बघायची हिंमत होत नाही. ती गेली.

समारंभ मोठ्या सभागृहात होता. उद्घाटनाची रिबीन पाहुण्यांना कापता आली नाही. चांदीचा मुलामा दिलेली कात्री रिबिनीला नुसती चावत होती. शेवटी आयोजकांनी मागून गाठ सोडली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धाकटीच्या अंगठ्याला मुंग्या आल्या.

तिच्या आधीच्या स्पर्धकाचं ॲप होतं. आपण रांगेत कितवे आहोत हे त्यावर घरबसल्या कळायचं. "मग रांगेत उभं राहावं लागणार नाही?" एका परीक्षकांनी विचारलं. "राहावं तर लागेल," तो म्हणाला, "पण माहीत असेल." सभागृह भारावून गेलं.

धाकटीचं भाषण पाठ होतं. पाच वर्षं, कोट्यवधी तास, एक प्रक्रिया. सहावी स्लाइड आली. चाळीस कात्र्या पडदाभर पसरल्या, माणसाच्या उंचीच्या. कुणीतरी "वा" म्हणालं. मागच्या रांगेत सरांनी अंगठा वर केला. तिला मात्र त्या पडद्यावर फक्त मुठी दिसत होत्या, आणि तिसरी नाकात बोलणाऱ्या काकांची आहे हे तिला आता इथून कळत होतं.

परीक्षकांत एक बाई होत्या. हॉटेलांच्या चादरी धुण्यापासून सुरुवात करून त्यांनी मोठा व्यवसाय उभा केला होता, आणि आतापर्यंत त्यांनी कुणालाच काही विचारलं नव्हतं.

"तुमचा सगळ्यात मोठा ग्राहक उद्या तुम्हाला सोडून गेला," त्या म्हणाल्या, "तर तुम्हाला कधी कळेल?"

हा प्रश्न सरांनी तयार करून घेतला होता. उत्तरात 'तिमाही आढावा' असा शब्द होता.

"परवा कळलं," धाकटी म्हणाली. "अकरा वाजता."

सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत. "का चाललाय?"

"ह्या फोटोमुळे."

आणि मग तिने सांगितलं. उरलेल्या दोन मिनिटांत, घड्याळ लाल होऊन वाजेपर्यंत: चिंध्या, पेच, अंगठ्याने झिजलेला रंग, कचऱ्याची गाडी. ते भाषण नव्हतं. थांबायचं कुठे ते तिला माहीत नव्हतं. सरांचा अंगठा कधीतरी खाली गेला.

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. "ग्राहक का जाईल, हा प्रश्न तुम्हाला चार महिन्यांपूर्वी कुणी विचारला होता का?"

"अर्जात उलटा होता," धाकटी म्हणाली. "'ग्राहक तुमच्याकडेच का येतो?' मी लिहिलं होतं: दर्जा आणि तत्पर सेवा."

"सगळे तेच लिहितात," बाई म्हणाल्या.

पहिलं बक्षीस रांगेला गेलं. धाकटीला उत्तेजनार्थ म्हणून काचेचं स्मृतिचिन्ह मिळालं: वर जाणारा बाण, खाली चौकोनी बैठक, हातात घेताच खांदा खाली यावा इतकं जड. जेवणाचं कुपन न वापरताच ती ते पिशवीत घालून निघाली.

कारखान्यात पोचली तेव्हा सुटायला तासभर होता. बाबा टेबलाशी स्टुलावर बसले होते, शर्ट घामाने ओला. सात लागल्या होत्या. उरल्या दोन, आणि त्यांच्यावर हक्क सांगणाऱ्या दोन बाया. दोघी एकमेकींच्या जावा, आणि तीन वर्षं एकमेकींशी अबोला. शर्टाच्या बाह्या थोरली जाऊ कापायची, कफ धाकटी जाऊ. दोघींचं म्हणणं एकच होतं: डावीकडची माझी.

"ह्यांना सांगा, ती माझीये," थोरली जाऊ हवेला म्हणाली.

"ज्यांना सांगायचंय त्यांना म्हणावं, मी सात वर्षं तिनेच कापतेय," धाकटी जाऊ छताला म्हणाली.

"दोन तास हेच चाललंय," बाबा हळूच म्हणाले. "उजवीकडची कधीतरी फरशीवर पडलीय. टोक उतरलंय. ती कुणालाच नकोय. मुठी सारख्याच झिजल्यात. मला नाही ओळखता येत, धाकटे."

बाबांच्या तोंडून हे वाक्य तिने आधी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी ते हसून म्हटलं, पण हात मांडीखालीच होता.

धाकटीने डावीकडची थोरल्या जावेला दिली. धाकटी जाऊ भडकायच्या आत तिच्यासमोर बसली, कफाचा एक तुकडा ओला करून, कारण ओलं कापड धार लपवत नाही, तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "काकू, उजवीकडचीने कापा."

"ती माझी नाही."

"नसू दे. कापा."

काकूंनी कापलं. धाकटीने कात्रीकडे बघितलंच नाही, काकूंच्या मनगटाकडे बघत राहिली. जोर टोकाला होता, आणि अंगठा बाहेर पळत होता. तिने पेच पाव फेरा सैल केला. बाबांच्या पिशवीतून सहाण काढून उतरलेलं टोक घासलं, थांबली, पुन्हा घासलं. बाबांच्या तोंडून नकळत "अजून जरा" निघालं. मग "हं". मग "बास". पुन्हा कापा. पुन्हा पेच. टेबलाभोवती माणसं जमली. सहाव्यांदा ओला कफ टोकापर्यंत आवाज न करता दुभंगला.

काकूंनी कात्री उलटसुलट करून पाहिली.

"हं, हीच माझी," त्या म्हणाल्या. "दोन तास मला दुसरीच दाखवत होते." आणि त्यांनी तिला चिंधी बांधली.

बाबांनी मांडीखालचा हात काढला आणि धाकटीच्या पाठीवर ठेवला. तो थरथरत होता, पण ते पाठीला कळत होतं, बाकी कुणाला नाही.

मोठ्या बाईंनी चाळीस चिंध्या मोजल्या. धाकटी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"वीस तुमच्याकडे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"चाळीस होत्या, बाई," बाबा म्हणाले.

"होत्या. मालकांनी खोकी काल संध्याकाळीच मागवली, मिस्त्री. मला न विचारता. मी भांडून वीस सोडवल्यात." त्या टेबलावरचे तुकडे गोळा करू लागल्या. "वर्षभर दोन्ही चालवून बघू म्हणतात. मग ठरवू."

वीस म्हणजे अर्धं घर. बाबांनी मान डोलावली, जशी अंदाजापुढे डोलावत. कुणाच्या वीस जाणार हे त्यांनी विचारलं नाही. गणवेशवाल्या मावशी आपल्या कात्रीवर नवी, कोरी, पांढरी पट्टी बांधत होत्या, आणि ती गाठ त्यांना दोनदा सोडावी लागली.

धाकटीला काहीतरी म्हणायचं होतं. माफी, किंवा पुढच्या वर्षाचं काही. शब्द शोधताना पिशवी खांद्यावरून घसरली, आणि काचेचा बाण अर्धा बाहेर आला.

"बक्षीस?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"उत्तेजनार्थ."

मोठ्या बाईंनी तो दोन्ही हातांनी उचलला, खालीवर करून वजन पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

"बरंच जड आहे गं. शनिवारपर्यंत इथं ठेवून जातेस का? ह्या कोपऱ्यावरचा कागद सारखा उडतोय."